पेन्शनच्या सोन्याचं भाडं

एका गाडीत चार मराठी माणसं रोज सकाळ-संध्याकाळ बसली आणि ती गाडी लंडनभोवतीच्या एम ट्वेंटीफाईव्ह हायवेवर अडकून उभी राहिली, की किस्से होतातच. ते जमवावे लागत नाहीत. सीटखाली चिवड्यातले शेंगदाणे साठतात ना, तसे साठतात. मग कधीतरी धूळ ओढायला हूवर फिरवताना एकेक बाहेर येतो आणि आपण म्हणतो, "अरेच्चा, हा अजून इथेच होता?"

गाडी मेश्रामदादांची. दादा नागपूरचे, पन्नाशीला आलेले, ब्रॅकनेलच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत डेटाबेस सांभाळायचे. रविवारी सकाळी विहारात आणि एरवी स्टिअरिंगवर, असे. त्यांच्या शेजारी पुढच्या सीटवर कुंदाताई. ताई मूळची ठाण्याची, मेडनहेडला एका कंपनीच्या परचेस डिपार्टमेंटमध्ये. कुठलीही वस्तू सांगितलेल्या पहिल्या किमतीला घेणं हा तिला वैयक्तिक अपमान वाटायचा. मागे मी आणि निखिल. मी ब्रॅकनेललाच एका ऑफिसात अकाउंट्समध्ये. निखिल पुण्याचा, तिशीतला, दादांच्याच कंपनीत. आयुष्यातला प्रत्येक प्रश्न एक्सेलमध्ये सुटतो अशी त्याची श्रद्धा होती. लग्नासाठी मुलींचीसुद्धा शीट केली होती म्हणे. लग्न मात्र शीटमध्ये नसलेल्या मुलीशी झालं!

आम्ही सगळे लंडनच्या पिनर उपनगरातले आणि आजूबाजूचे. दादा सकाळी एकेकाला उचलायचे, कुंदाताईला मेडनहेडला सोडायचे आणि मग आम्ही तिघं ब्रॅकनेलला. मेडनहेडनंतर गाडीत जी शांतता पसरायची, तिला निखिल "कुंदाताईंचा अभाव" म्हणायचा.

*

हे सोन्याचं खूळ शिरलं ते २००७च्या सुमारास. एका सकाळी रेडिओवर बातमी, एका बँकेबाहेर लोकांच्या रांगा लागल्यात, आपापले पैसे काढून घ्यायला. इंग्लंडात! शिस्तीत उभे होते, पण उभे होते.

दादा म्हणाले, "इथलीच माणसं घाबरून राहिली. मग आपल्या पेन्शनचं काय होईल बाप्पा?"

प्रश्न चौघांचाही होता. आमच्यातलं कोण इथे कायमचं राहणार आणि कोण परत जाणार याचा पत्ता नव्हता, पण पेन्शन मात्र इथेच अडकलेली. परत गेलो तरी वय होईपर्यंत हात लावता येणार नाही.

निखिलने तेव्हा नवीनच वाचलं होतं. पेन्शनचं एक खातं असतं, त्याला 'सिप' म्हणतात. पैसे कशात गुंतवायचे ते आपलं आपण ठरवायचं. आणि आता त्यात सोनंही ठेवता येतं.

कुंदाताई गर्रकन मागे वळली. "सोनं? म्हणजे बांगड्या?"

"बांगड्या नाही गं ताई. विटा. शुद्ध सोन्याच्या छोट्या विटा."

"चालेल. कपाटात ठेवीन."

"घरी नाही आणायच्या. कस्टोडियन नावाचा माणूस असतो, म्हणजे कंपनी असते, तिच्या तिजोरीत राहणार. आणि ती सांभाळायची दरवर्षी फी."

ताईने एकेक बोट मोजलं. "माझं सोनं. मला घालता येणार नाही, बघता येणार नाही, मागता येणार नाही आणि वर उपकार म्हणून पैसे द्यायचे?"

"हो."

"निखिल, हे सिप नाही रे. ह्याला सासूबाईंचं कपाट म्हणतात!"

*

तरी दुसऱ्या दिवसापासून तिजोरीवाल्यांना फोन लावायचं काम तिनेच घेतलं. दादा गाडी चालवणार, ताई मोबाईल स्पीकरवर टाकून डॅशबोर्डवर ठेवणार आणि आम्ही मागे श्वास रोखून ऐकणार. बोलणं अर्थातच इंग्रजीत, पण मी मराठीत सांगते.

पहिल्या कंपनीतल्या गृहस्थांचा आवाज साजूक तुपात घोळलेला. ताईने विचारलं, "ही फी कशाची?"

"सिक्युरिटीची मॅडम. जाड भिंती, कॅमेरे, चोवीस तास पहारा. आमच्याकडून चोरी होणं अशक्य आहे. अॅब्सोल्यूटली इम्पॉसिबल!"

"वा. आणि त्याच्याखाली ही दुसरी फी?"

"ती इन्शुरन्सची. समजा चोरी झाली तर."

ताई अगदी प्रेमाने म्हणाली, "आत्ताच तुम्ही अशक्य म्हणालात ना?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"म्हणजे या दोनपैकी एक फी खोटी आहे. कुठली, ते तुम्ही ठरवा. मी थांबते."

त्याने होल्डवर टाकलं. पियानो सुरू झाला. आम्ही हीथ्रोपाशी आलो, पियानो चालूच. दादा वर बघत म्हणाले, "विमानं उतरून राहिली, याचा मॅनेजर काही उतरेना!"

शेवटी मॅनेजर आला. म्हणाला, आमच्या ब्रोशरमध्ये थोडा गोंधळ झालेला दिसतोय, इन्शुरन्स पहिल्या फीमध्येच धरता येईल. ताईने फोन बंद केला, पर्समधून लिपस्टिक काढली आणि मेडनहेड येईपर्यंत आरशात बघत नुसती हसत होती.

*

अशा बऱ्याच कंपन्या झाल्यावर निखिलची शीट आलीच. ए-थ्री कागदावर, रंगीत. मागच्या सीटवर उघडली की माझ्या मांडीवर अर्धी यायची. प्रत्येक तिजोरीवाल्याची एक ओळ, स्वस्त तो हिरवा, महाग तो लाल.

"दादा, ठरलं!" निखिल म्हणाला. "हा बघा हिरवागार. सोन्याच्या किमतीवर टक्केवारी, आणि टक्का सगळ्यात कमी."

दादांनी आरशातून पाहिलं. "मिनिमम किती?"

"मिनिमम?"

"टक्का कमी आहे, ठीक. पण 'कमीत कमी एवढे तर द्यावेच लागतील' असं कुठे बारीक लिहिलंय का?"

निखिलने ब्रोशर काढलं. पुढून पाहिलं, मागून पाहिलं. शेवटच्या पानावर, अगदी तळाशी होतं. ज्याच्याकडे सोन्याचे डोंगर आहेत त्याला ती कंपनी स्वस्त. आमच्यासारख्या चिमूटभरवाल्यांना तोच हिरवागार सगळ्यात लाल! निखिलचा चेहरा शीटमधल्या लाल ओळीच्या रंगाचा झाला.

"दादा, तुम्हाला हे सुचलं कसं?"

"नागपुरात शिकत होतो तेव्हा एका खानावळीत जात होतो. भाजी कितीही घ्या, फुकट. पण पैसे कमीत कमी दहा पोळ्यांचे. तुम्ही चार खा, नाहीतर दोन."

"मग काय केलंत?"

"काय करतो? दहा पोळ्या खायला शिकलो!"

*

माझी मुलगी सई तेव्हा नऊ वर्षांची. जन्म इथला, त्यामुळे तिच्या मराठीत सगळ्या वस्तू पुरुष. मी रात्रीच्या जेवणाला नवऱ्याला हे तिजोरीचं प्रकरण सांगत होते, ही काटा खाली ठेवून ऐकत होती.

"आई, तू तुझा सोना कुठे ठेवणार?"

"लंडनबाहेर एका मोठ्या तिजोरीत."

"तिथे दरवाजा लॉक असतो?"

"हो, जाड लोखंडी दरवाजा."

"गार्ड असतो?"

"हो."

"आपण त्याला बघायला जाऊ शकतो?"

"नाही गं."

"घरी आणू शकतो?"

"आई म्हातारी होईपर्यंत नाही."

तिचे डोळे मोठे झाले. "म्हणजे तो जेलमध्ये जाणार! त्याने काय केला?"

मी हसता हसता तिला समजावलं. त्याने काही केलं नाही, त्याला सुरक्षित ठेवायचं म्हणून आपण त्या लोकांना दरवर्षी पैसे देणार.

ती माझ्याकडे बघतच राहिली, माझ्या अकाउंटन्सीबद्दल तिला पहिल्यांदाच शंका आल्यासारखी. "पण आई," ती म्हणाली, "जेलमध्ये तर रेंट फ्री असतो!"

*

हे मी दुसऱ्या दिवशी गाडीत सांगितलं. सगळे हसले. दादा मात्र थोड्या वेळाने म्हणाले, "पोरगी बरोबर बोलून राहिली. ज्याच्या घरी ठेवायचं त्याचं घर तर बघून येऊ."

यादीत तेव्हा दोन कंपन्या उरल्या होत्या. शनिवारी आम्ही चौघं निघालो. कुंदाताईने पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेतली होती, जणू लोणावळ्याला चाललोय.

पहिली कंपनी सेंट्रल लंडनमध्ये. दारात दगडी सिंह, वर सोनेरी अक्षरांत नाव. आत गालिचा असा, की बूट अर्धे बुडाले. आम्हाला खुर्च्या दिल्या, कॉफी दिली, चांदीच्या ट्रेमधून बिस्किटं दिली आणि तिजोरीची फिल्म दाखवली. फिल्मला संगीत होतं. ताईने चार बिस्किटं खाल्ली आणि कानात म्हणाली, "हे सगळं आपल्याच फीमधून हं!"

दुसरी कंपनी एअरपोर्टजवळ एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. पत्ता निखिलने कुठूनतरी खोदून काढलेला. जाऊन बघतो तर राखाडी रंगाची शेड. पाटी नाही, खिडकी नाही, शेजारी टायरचं दुकान. निखिल तीनतीनदा पत्ता तपासत होता तेवढ्यात आतून एक दांडगा गार्ड आला.

दादांनी काच खाली केली. "एक्स्क्यूज मी, सोनं ठेवतात ते इथेच का?"

गार्ड म्हणाला, "कार्पेट्स."

"सॉरी?"

"कार्पेट्स, मेट. इथे कार्पेट्स आहेत."

त्याची एक नजर आमच्या नंबरप्लेटवर, दुसरी निखिलच्या शीटवर. आता निमूटपणे निघावं की नाही? पण कुंदाताई खिडकीतून वाकली. "बरं झालं! मला हॉलसाठी एक हवंच होतं. बघू का आत येऊन?"

गार्डच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "होलसेल ओन्ली."

आम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो तिथेच उभा होता. निखिल हिरमुसला. म्हणाला, पत्ता चुकला. दादा मात्र खुशीत. पुढे रस्त्याकडेच्या ले-बायला गाडी थांबवून त्यांनी पहिली पुरी उचलली.

"ठरलं! त्या सिंहवाल्याने पाच मिनिटांत आपल्याला तिजोरी दाखवली. याने आपल्याला कार्पेटसुद्धा दाखवलं नाही. माझं सोनं याच्याकडे!"

*

मग एका सोमवारी दादा नेहमीपेक्षा हळू गाडी चालवत होते. मेडनहेड जवळ आल्यावर म्हणाले, "माझी नोकरी पुण्याला चालली."

कुंदाताई ओरडली, "अय्या, पुण्याला जाताय? वहिनी खूश असतील!"

"नोकरी चालली. मी नाही."

दादांची अख्खी टीम बंद होणार होती, काम पुण्याच्या ऑफिसला जाणार होतं. निखिलची टीम वेगळी, ती वाचली होती. या वयात दुसरी नोकरी मिळणं कठीण, हे न सांगता सगळ्यांना कळत होतं. म्हणजे आता पेन्शन हा गप्पांचा विषय राहिला नव्हता. तीन नोकऱ्यांतून थोडी थोडी साठलेली ती रक्कम, एवढंच दादांकडे होतं.

निखिल हळूच म्हणाला, "सॉरी, दादा."

"तू कशाला सॉरी? तू काय पुणं आहेस का?"

कंपनीने जाणाऱ्या लोकांसाठी एक सल्लागार बोलावला होता. तरुण, कफलिंक्स लावलेला. दादांनी त्याला सांगितलं, पाचातला एक वाटा मी सोन्यात ठेवणार, बाकीचं तुमच्या नेहमीच्या ठिकाणी. तो सल्लागार पुढे झुकला, आवाज मऊ केला. म्हणाला, "मिस्टर मेश्राम, आय अंडरस्टँड. तुमच्या संस्कृतीत सोनं ही फार भावनेची गोष्ट असते."

संध्याकाळी गाडीत दादांनी त्याला दिलेलं उत्तर आम्हाला ऐकवलं.

"मी म्हटलं, साहेब, लहानपणी आमच्या घरी सोनं नव्हतंच. माझ्या आईच्या गळ्यात नुसते काळे मणी होते. ज्यांच्या घरी सोनं असतं ते त्याच्यावर प्रेम करतात, मग फी विचारत नाहीत. माझं काही प्रेमबिम नाही. म्हणून मी सगळ्यांना फी विचारून राहिलो."

"मग? तो काय म्हणाला?" मी विचारलं.

"कफलिंक्स चाचपत राहिला. मग मी विचारलं, तुमची किती?"

"सांगितली?"

"टक्केवारीत सांगितली," दादा म्हणाले, "पण मी 'मिनिमम' म्हटल्याबरोबर त्याने पाणी मागवलं!"

*

आता एकच अडचण उरली होती. त्या कार्पेटवाल्या कंपनीचा टक्का चांगला होता, पण मिनिमम तिथेही होतंच. दादांच्या पाचातल्या एका वाट्याला ते जड जाणार होतं. कुंदाताई म्हणाली, "एकट्याने गेलं की गिऱ्हाईक, दहाजण गेले की पार्टी!" तिने आमच्या इथल्या मराठी मंडळातले चौघं आणि दादांच्या विहारातले पाच-सहा, असे सोनं ठेवू इच्छिणारे गोळा केले आणि कंपनीच्या मॅनेजरबाईंना मेडनहेडला नदीकाठच्या एका कॅफेत बोलावून घेतलं.

बाई साठीच्या, पांढरे केस, गळ्यात मोती. ऐकून घेत होत्या, मान डोलवत होत्या, पण मिनिमम काही सोडेनात. "इट्स अवर पॉलिसी."

पाऊस पडत होता. ताईने चहा संपवला, रुमालाने ओठ टिपले आणि उभी राहिली. "थँक यू सो मच. मग आम्ही दुसरीकडे बघतो." आणि चालू लागली! आम्ही तिघं गडबडून तिच्यामागे.

बाहेर आल्यावर ती कुजबुजली, "मागे बघू नका. हळू चाला. तिसऱ्या पावलाला हाक येते."

तिसरं पाऊल झालं, दहावं झालं, कारपार्क आलं. हाक नाही.

निखिल कळवळून म्हणाला, "ताई, हे इंग्लंड आहे गं. इथे मागून हाक मारणं रूड समजतात!"

आम्ही गाडीत बसलो. दादांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. मला वाटलं, आपल्या हौसेपायी दादांचं नुकसान केलं की काय!

तेवढ्यात काचेवर टकटक. मॅनेजरबाई! भिजलेल्या, धापा टाकत, हातात एक काळी छत्री. "तुम्ही ही विसरलात," त्या ताईला म्हणाल्या. छत्री खिडकीतून आत दिली. मग मोत्यांशी चाळा करत म्हणाल्या, "आणि... मी विचार केला. तुमच्या ग्रुपसाठी मिनिमम काढून टाकता येईल. सर्वांसाठी."

ताईने राणीसारखी मान हलवली. बाई गेल्या. गाडीत जो काही आरडाओरडा झाला! निखिलने माझ्या पाठीत गुद्दाच घातला. मी म्हटलं, "ताई, देव पावला! बरी तू छत्री विसरलीस!"

कुंदाताई छत्री उलटीसुलटी करून बघत होती. "अगं, पण माझी छत्री ही काय, माझ्या पायाशी आहे!"

हँडलवर त्या बाईंच्याच कंपनीचं नाव होतं.

दादा म्हणाले, "म्हणजे इथेही हाक मारतात!"

*

सोनं ठेवलं गेलं. विटेचा नंबर आला. त्या आनंदात दादांनी आम्हाला हॅरोच्या घरी जेवायला बोलावलं. सुनंदावहिनी हॉस्पिटलात नर्स होत्या, ड्युटीवरून आल्या होत्या, तरी नागपुरी वडाभाताचा बेत केला होता. बोलायच्या कमी. आमचा गोंगाट चालू होता आणि त्या वाढता वाढता ऐकत होत्या.

मध्येच निखिलला विचारलं, "या सोन्याला कोणी हात लावू शकत नाही?"

"नाही वहिनी. दादांचं वय होईपर्यंत नाही."

"गावाकडून यांच्या भावाचा फोन आला तरी?"

"तरी नाही."

"विहारातल्या कोणाच्या पोराची फी भरायची राहिली तरी?"

दादा ताटात बघायला लागले. वहिनी आम्हाला म्हणाल्या, "माझ्या बांगड्या यांनी तीनदा मोडल्या. एकदा भावाच्या कॉलेजला, एकदा इकडे यायच्या तिकिटांना, एकदा एका पोरीच्या परीक्षेला. तिन्ही वेळा मीच काढून दिल्या, तक्रार नाही. पोरगी आज डॉक्टर आहे." मग पुन्हा निखिलकडे वळल्या. "पण हे सोनं... यांनी कितीही म्हटलं तरी मोडता येणार नाही?"

"नाही म्हणजे नाही."

वहिनींनी दादांच्या भातावर फोडणीच्या तेलाची आणखी एक पळी घातली.

"दरवर्षीची फी मी भरते," त्या म्हणाल्या.

*

दादांची नोकरी संपली. आता निखिल स्वतःची गाडी काढायचा, त्यामुळे आम्ही लेनमध्ये असायचो, पण वेळेवर नसायचो. काही महिने असेच गेले. दादा अर्ज करत होते, उत्तरं येत नव्हती. मग एका सकाळी त्यांचा फोन आला, मेडनहेडला इंटरव्ह्यू आहे, मला घेऊन जा. कुंदाताईने स्वतःहून पुढची सीट सोडली. हे मी इतिहासात नोंदवण्यासारखं समजते.

दादा कोट-टायमध्ये ताठ बसले होते. एम ट्वेंटीफाईव्ह नेहमीप्रमाणे उभा. आम्ही "दादा, होणार बघा" वगैरे म्हणत होतो आणि त्यांचा मोबाईल वाजला.

ब्रॅकनेलचे डायरेक्टर, ग्रॅहमसाहेब. ज्यांच्या सहीने दादांची टीम बंद झाली तेच. दादांनी फोन स्पीकरवर टाकून डॅशबोर्डवर ठेवला.

साहेब भलतेच गोड. हवापाण्याचं झालं, वहिनींची चौकशी झाली. मग हळूच म्हणाले, सकाळपासून सिस्टिम बसलीय. पुण्याची टीम हुशार आहे, पण नवीन आहे. हा जुना डेटाबेस कोणालाच कळत नाही. "फक्त पाच मिनिटांचं काम आहे, मिस्टर मेश्राम. आणि पुढेही कधी अडलं तर, तुम्ही असालच ना?"

निखिलने माझ्याकडे पाहिलं. कुंदाताईने माझं मनगट घट्ट धरलं.

दादा शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुम्हाला मी हाताशी ठेवलेला हवा आहे."

"एक्झॅक्टली! जस्ट इन केस."

"होईल. त्याची वर्षाची फी असेल. आगाऊ. मला एकदाही बोलावलं नाही तरी फी परत मिळणार नाही."

"ओह."

"बोलावलंत तर त्याचे वेगळे. आणि त्यावर व्हॅट." मग त्यांनी आकडा सांगितला.

निखिलचा पाय ब्रेकवरच राहिला आणि तोंड उघडंच. तो आकडा दादांच्या जुन्या पगाराच्या निम्म्याहून वर होता. मागच्या गाडीने हॉर्न दिला. कुंदाताई, जिने उभ्या आयुष्यात कुठलीही किंमत ऐकून गप्प राहणं मान्य केलं नव्हतं, ती तोंडावर हात ठेवून बसली होती.

पलीकडे साहेब चाचरत होते. मागे ऑफिसात फोन घणघणताना ऐकू येत होते.

"बट... मिस्टर मेश्राम, बी रीझनेबल! बहुतेक दिवस तर तुम्ही काहीच करत नसाल!"

दादांनी टायची गाठ जरा सैल केली, सीट थोडी मागे सरकवली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"ग्रॅहम, सोनंसुद्धा काहीच करत नाही."